फाइलीत जाताच रकमा बदलतात, त्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: नव्या आवृत्तीत रकमांचे आउटपुट परस्पर बदलल्याबाबत

महोदय,

आमच्या पतसंस्थेत ठेवींच्या रोजच्या याद्या आपल्या कमांड लाइन सॉफ्टवेअरमधून निघतात. नवी आवृत्ती बसवल्यापासून टर्मिनलवर १२३४५६.७८ दिसणारी रक्कम फाइलीत वळवली की १२३४५७ होते. १२३४५६७.८९ चे तर १.२३४५७ई+०६ होते, पुढचा प्रोग्राम ते १२३४५७० असे वाचतो आणि खातेदाराच्या नावावर २ रुपये ११ पैसे फुकटचे चढतात. बेरीज जुळत नाही आणि लेखापरीक्षक जाब आम्हाला विचारतात.

आउटपुट फाइलीत किंवा पाइपमध्ये (म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे) जाताना आपले सॉफ्टवेअर अपूर्णांकी संख्येचे सहाच सार्थ अंक ठेवते. दहा हजारांच्या आतल्या रकमा त्यात पैशांसकट बसतात, पूर्ण रुपयांच्या रकमांना धक्का लागत नाही. बिघडतात त्या नेमक्या मोठ्या ठेवी. यादी वरवर चाळणाऱ्याला सगळे आलबेलच वाटते.

सहा अंकांची ही रीत ऑक (awk) या मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली, हे ठाऊक आहे. पण १९७७ साली बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या त्या ऑकमध्ये ओएफएमटी नावाचे चल आहे. त्यात हवा तो साचा भरला की काम भागते. शिवाय हव्या त्या साच्यात छापणारी प्रिंटएफ ही आज्ञा आहेच. आपण कुलूप तेवढे उचललेत, किल्ली दिलीच नाहीत. पर्यायांच्या यादीत रंग बदलायची सोय आहे, दशांश स्थळे ठरवायची नाही!

आपल्या मदत विभागाचे उत्तर आले: फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून दशांश स्थळे वाढवा. फाइलीत उतरतानाच गळालेले ७८ पैसे त्याने परत कसे येणार? त्यांच्या जागी दोन शून्ये येतात.

जाता जाता आणखी एक. रकान्याची रुंदी आपण बाइटमध्ये मोजता. ‘कोल्हापूर’ यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइट भरते, पडद्यावर मात्र त्याहून खूपच कमी जागा घेते, त्यामुळे शाखेच्या नावापुढचे रकाने वेडेवाकडे होतात. तिथे मी टॅब घालून निभावून नेतो. रकमांवर तोड नाही.

दशांश स्थळे ठरवण्याचा पर्याय द्यावा आणि टर्मिनलवर दिसते तीच रक्कम फाइलीतही उतरावी. हा बदल आवृत्तीच्या नोंदींत कुठेही लिहिलेला नव्हता, त्याचा लेखी खुलासाही हवा. पंधरा दिवसांत हे जमणार नसेल, तर परवाना शुल्काचा उरलेला भाग परत करावा. जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल मात्र आजच पाठवा; महिनाअखेर तोंडावर आली आहे.

आपला,
संगणक विभाग प्रमुख

सोबत: दोन्ही आवृत्त्यांचे नमुना आउटपुट