सावडीचा शनिवार

श्टुटगार्ट,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडच्या शिकल्यासवरल्या बायकांना गट कशाला गं लागतो?" तेवढ्यात पार्सलवाला दारात आला आणि उत्तर राहून गेलं. आज रविवार, इथली दुकानं बंद, बाहेर धुकं. सावकाश लिहिते. कारण आमचा गट तुझ्याच ओसरीवरच्या बचत गटाच्या बैठकांतून उचललाय, आणि हे मी तुला कधी नीट सांगितलेलंच नाही.

२०१९ चा सप्टेंबर होता. तुमच्या बायकांच्या गोधड्या मी इथं ऑनलाइन विकायला लागून वर्ष होत आलं होतं. एका दुपारी वकिलाचं जाड पाकीट आलं, आत सहा पानं जर्मन. याला इथं आबमानुंग म्हणतात. तुमच्या दुकानात कायद्याची चूक आहे, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या आणि आमच्या वकिलाची फी भरा, असा त्याचा मजकूर. पाठवणारं सरकार नसतं, बऱ्याचदा दुसरा विक्रेताच असतो. चूक माझी खरीच होती. युरोपात कापडाची वस्तू विकताना तिच्यात कुठला धागा किती टक्के, ते सांगावं लागतं. मी काहीच लिहिलं नव्हतं. आता आजीचं लुगडं, मामांचं धोतर आणि लेकीचा फ्रॉक ज्या गोधडीत एकत्र आलेत, तिच्यात सूत किती टक्के हे कुणी सांगावं? पुढं कळलं की घटक ठरवणं अवघड असेल तर 'मिश्र तंतू' लिहायची मुभा त्याच नियमात आहे. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

मी ते पाकीट पिठाच्या डब्यामागं लपवलं, चिमे. ह्यांनाही तीन दिवस सांगितलं नाही. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून शब्दकोश घेऊन वाचायची. चौथ्या दिवशी घाबरून सही केली आणि पैसे भरले. त्या सहीचं बंधन जवळजवळ जन्माचं असतं, पुन्हा तीच चूक झाली तर करारातला दंड वेगळा. सही करण्याआधी वकिलाकडून मजकूर बदलून घेता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. पैसे गेल्याचं दुःख कधीच विरलं. त्या चार रात्री मी एकटी होते, ते मात्र अजून दुखतं.

त्यानंतर महिन्याभरानं, परत आलेली पार्सलं घ्यायला रांगेत उभी असताना, मागं एक ब्राझीलची बाई होती. हातानं विणलेल्या पिशव्या विकते. तिच्याही हातात परतीचीच खोकी. इथं गिऱ्हाइकाला १४ दिवसांत कारण न देता माल परत करता येतो, आणि त्या हक्काची माहिती आपण नीट दिली नाही तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. ती म्हणाली, घरी तीन पाकिटं पडलीत, उघडायची छाती होत नाही. मी म्हटलं, माझ्याकडंही दोन आहेत. मग आम्ही ठरवलं, तिची मी उघडायची, माझी तिनं. तिच्या पाकिटांतलं एक नुसतं विम्याचं पत्र निघालं. ती रडायलाच लागली.

आमचा गट असा सुरू झाला. आज आम्ही अकराजणी आहोत. मराठी दोघी, बाकी कुणी केनियाची, कुणी युक्रेनची, कुणी मेक्सिकोची. मोडकी जर्मन हीच सगळ्यांची भाषा, त्यामुळं कुणी कुणापुढं भाषेत वरचढ नाही. महिन्याचा दुसरा शनिवार, आमच्या शहरातल्या कानश्टाट भागातल्या एका चर्चची खोली, दुपारी ३.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता. इथं नवऱ्याच्या मागं आलेल्या बाईच्या परवान्यावर नोकरी आणि स्वतःचा धंदा, दोन्हीला परवानगी असते. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराच्या परवान्यावर, असेल तर त्याला जोडधंद्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे कायद्यानं मोकळी ती, पण तिची पदवी इथं चालत नाही, भाषा अर्धीमुर्धी, सासरमाहेर हजारो मैलांवर. ती घरातल्या टेबलावर दुकान मांडते. शिकलेली आहे म्हणून तर तिला विचारायची जास्त लाज वाटते. तुझ्या गटातली बाई निदान शेजारणीला म्हणते, "वाच गं, काय लिहिलंय." आमच्यातल्या डॉक्टर झालेल्या बाईला ते म्हणायला वर्ष लागलं.

तुझी पंचसूत्री मी पहिल्याच बैठकीत सांगितली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोबाच्या चोख नोंदी. बैठक आणि नोंदी जशाच्या तशा घेतल्या. बचत आणि कर्ज मात्र सोडावं लागलं. लोकांकडून ठेवी घेऊन कर्ज देणं हे इथं बँकेचं काम धरतात, त्याला परवाना लागतो. त्या वाटेला जायलाच नको असं ठरलं. मग पैशाच्या जागी काय ठेवायचं, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी मला आपल्या शेतावरची सावड आठवली. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. आता आम्ही तास उसने देतो. एकीचं सिझेरियन झालं तेव्हा तिघींनी तिची पार्सलं पाच आठवडे भरली. मेक्सिकोची बाई फोटो सुंदर काढते, तिच्या नावावर तास सतत जमा असतात. ते परत कसे फेडायचे याचीच आम्हाला चिंता.

बैठकीचा पहिला तास पाकिटांचा. ज्याची भीती वाटते ते प्रत्येकीनं न उघडता आणायचं. शेजारची उघडते, मोठ्यानं वाचते. आम्ही सल्ला देत नाही, आणि हे मी फार कटाक्षानं पाळते. नातलग, शेजारी अशा जवळच्या माणसांबाहेर कायद्याचा सल्ला द्यायचा, तर तो फुकट असला तरी कायद्याच्या जाणकाराची देखरेख लागते, असा इथला कायदा आहे. म्हणून आम्ही फक्त "माझं असं झालं होतं" एवढंच सांगतो आणि वकिलाकडं सोबत जातो. सोबत जाण्यानं किती फरक पडतो, ते पाहायला तू इथं हवी होतीस. २०२३ मध्ये एकीला माझ्यासारखंच पत्र आलं. तोवर कायदा बदलला होता. डिसेंबर २०२० पासून दुकानाच्या माहितीत राहिलेल्या असल्या चुकांसाठी स्पर्धक विक्रेत्याला वकिलाची फी मागता येत नाही. तिच्या वकिलानं एका पत्रात ते मिटवलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसून हसत होती. मला माझ्या चार रात्री आठवल्या.

सगळं गोड नाही गं. दोघी पितळेचे दिवे विकायच्या. एकीनं बैठकीत आपल्या कारागिराचा भाव सांगितला, दुसरी थेट त्याच्याकडं गेली. पहिली आता येत नाही. तिला परत आणायला मी दोनदा घरी गेले, दार उघडलं नाही. त्यात माझी चूक अशी की ज्या गोष्टी बैठकीत विचारायच्या नाहीत त्या मी आधी ठरवून घेतल्या नाहीत. आता ठरलंय: कागद सगळ्यांचे, कारागीर ज्याचा त्याचा.

दुसरं म्हणजे पत्त्याचं. इथं दुकानाच्या पानावर मालकाचं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. एकटी राहणारी बाई घरचा पत्ता कसा देईल? एकीच्या दारात अनोळखी माणूस येऊन उभा राहिला होता. आता आम्ही पैसे देऊन पत्ता वापरू देणाऱ्या कचेऱ्या शोधतोय, पण ज्या पत्त्यावर सरकारी कागद खरोखर पोहोचतो असाच चालतो, आणि तो महाग पडतो. हे अजून सुटलेलं नाही.

आता काहीजणी म्हणतात, संस्था नोंदवू या. सात सभासद पुरतात, आम्ही अकरा आहोत. मला नको वाटतं. अध्यक्ष आली की पाकिटं उघडणं मागं पडेल अशी धास्ती आहे. पण मी म्हातारी होईन, किंवा आम्ही परत येऊ, तेव्हा हे कोण चालवेल हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. तू वीस वर्षं गट चालवलास, तीनदा फुटताना पाहिलास. तुझं मत मला हवंय, फोनवर नको, लिहून पाठव.

आणि तुझी ती लाल पुठ्ठ्याची जुनी नोंदवही आहे ना, पहिल्या वर्षाची? तिच्या पहिल्या दहा पानांचे फोटो काढून पाठव. एक बैठक चुकली तर काय लिहायचीस, रुसून गेलेली परत आली तर तिचं नाव कुठं लिहायचीस, ते मला बघायचंय. पितळेच्या दिव्यांची जागा आमच्या वहीत मी अजून रिकामी ठेवलीय.

गोधड्यांच्या पुढच्या गठ्ठ्यात प्रत्येकीसोबत शिवणाऱ्या बाईनं सांगितलेलं एक वाक्य पाठव, कुणाच्या साड्या आहेत ते. गिऱ्हाइकं विचारतात.

तुझीच