मंत्री लिसा नंदी मॅडमना खुलं पत्र: फुटबॉलला दिलंत ते रग्बी लीगलाही द्या

प्रति,
मा. लिसा नंदी मॅडम,
संस्कृती, माध्यम आणि क्रीडा मंत्री, लंडन

मॅडम, जुलै २०२५ मध्ये तुमच्या खात्याने फुटबॉलचा कायदा पास करून घेतला त्याबद्दल आधी अभिनंदन, आणि हे मनापासून म्हणतोय, टोमणा नाहीये. वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबला आता ग्राउंड विकायचं असेल तर फुटबॉलवर देखरेख ठेवणाऱ्या नव्या रेग्युलेटरला विचारावं लागणार, बिल्ला किंवा शर्टाचे रंग बदलायचे तर बहुसंख्य फॅन्सचा होकार लागणार. कोणी पैसेवाला येऊन शंभर वर्षांचा क्लब रातोरात भलत्याच नावाने चालवू शकणार नाही. चांगलं काम झालंय.

आता तुमच्याच मतदारसंघातलं स्टेडियम बघा. विगन अॅथलेटिक फुटबॉल खेळतं, विगन वॉरियर्स रग्बी लीग खेळतं, दोघांचं ग्राउंड एक, मालकसुद्धा एकच. पण एकाच गवतावर एका शर्टाला कायद्याचं संरक्षण आणि दुसऱ्या शर्टाला काहीच नाही, हे कसं काय? रग्बी लीगमधल्या दोन क्लबच्या मालकांनी उद्या बंद खोलीत बसून ठरवलं की आपण एक होऊया, तर फॅन्सच्या हातात बॅनर रंगवण्यापलीकडे काय उरतं?

मी हल शहरात राहतो, हॉस्पिटलात नोकरी करतो, आणि हे मराठीत लिहितोय कारण इथल्या उत्तर इंग्लंडमध्ये आपली बरीच मंडळी आहेत जी वर्षानुवर्षं या ग्राउंडांच्या शेजारून ऑफिसला जातात आणि आत काय चालतं ते त्यांना माहीत नसतं. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवतोय, काळजी नसावी.

तर आपल्या मंडळींसाठी थोडक्यात. रग्बी लीग म्हणजे तेरा जणांचा रग्बी. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडचे क्लब मूळ रग्बीतून फुटून निघाले, कारण खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू मॅचसाठी कामावर खाडा करायचे, त्यांचा पगार बुडायचा, तो क्लबने भरून द्यावा एवढीच मागणी होती आणि रग्बीच्या बड्या लोकांनी ती नाकारली. म्हणजे हा खेळच मुळात बुडालेल्या रोजंदारीवरून जन्माला आला. म्हणून क्लब कुठे आहेत बघा, खाणीचं गाव, गिरणीचं गाव, बंदर, केमिकलचे कारखाने. आणि गावं एकमेकांना इतकी चिकटून की शेजारच्याशी भांडण नसेल तर सीझनला मजाच नाही.

आता मूळ विषय. ८ एप्रिल १९९५. क्लबांची मीटिंग तुमच्या विगनमध्येच झाली होती मॅडम, सेंट्रल पार्कवर, जिथे आता टेस्को आहे. रूपर्ट मरडॉकच्या कंपनीला ऑस्ट्रेलियात टीव्ही हक्कांसाठी रग्बी लीगची मोठी लढाई लढायची होती आणि त्यासाठी ब्रिटनमधला खेळ आपल्या खिशात हवा होता, म्हणून पाच वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख पौंड टेबलावर ठेवले. क्लबांची अवस्था काय होती तर हिल्सबरोच्या फुटबॉल स्टेडियममधल्या १९८९ च्या चेंगराचेंगरीनंतर जे स्टेडियमचे नियम कडक झाले त्याने जुनी ग्राउंड दुरुस्त करता करता सगळे कंगाल झालेले, त्यामुळे नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. लीगचे मुख्य अधिकारी मॉरिस लिंडसे, हेही आधी विगनचेच चेअरमन. चौदा टीमची सुपर लीग ठरली, त्यात पॅरिस आणि तुलूझ, आणि बाकीच्यांना बसवण्यासाठी मर्जर.

यादी वाचा. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टन मिळून 'कॅल्डर'. हल एफसी आणि हल केआर मिळून 'हंबरसाइड'. वॉरिंग्टन आणि विडनेस मिळून 'चेशायर'. ओल्डहॅम आणि सॅलफर्ड मिळून 'मँचेस्टर'. शेफील्ड आणि डॉनकास्टर मिळून 'साउथ यॉर्कशायर'. बॅरो, कार्लाइल, व्हाइटहेवन आणि वर्किंग्टन या चौघांचं मिळून 'कंब्रिया'. विगन, लीड्स, सेंट हेलन्स, ब्रॅडफर्ड हे मोठे क्लब मात्र जसेच्या तसे. म्हणजे नावं गेली ती लहान गावांची. आणि कीथलीचं तर काय सांगू, ते त्याच सीझनला सेकंड डिव्हिजनचे चॅम्पियन झाले आणि त्यांना सांगितलं की तुमची जागाच नाही.

पुण्यात शेजारशेजारच्या दोन गणपती मंडळांना जाऊन सांगून बघा की तुमचा खर्च वाचतो, मांडव एकच टाका, मूर्ती एकच बसवा आणि नाव ठेवा 'मुठा मंडळ'. काय होईल? तेच झालं.

फेदरस्टन हे गाव आहे साधारण पंधरा-सोळा हजार वस्तीचं. १८९३ मध्ये खाणीच्या टाळेबंदीच्या वेळी तिथे सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या होत्या, दोन माणसं गेली. एवढ्याशा गावाच्या टीमने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तीनदा चॅलेंज कप, म्हणजे या खेळातला बाद फेरीचा मोठा कप, जिंकलाय, १९६७, १९७३ आणि १९८३, शेवटच्या वेळी तर आमच्या शहरातल्या हल एफसीला १४-१२ ने हरवून, तेव्हा हल एफसी म्हणजे देशातली तगडी टीम होती. त्यानंतर दोन वर्षांत गावातली खाण बंद पडली. खाण गेली, काम गेलं, राहिला क्लब. आणि मग तिसरंच कोणीतरी येऊन म्हणतं की क्लबही सोडा, तुम्ही आता कॅल्डर. कॅल्डर ही नदी आहे आणि फेदरस्टन त्या नदीवर नाहीसुद्धा. नकाशा तरी बघायचा!

ईस्टरच्या मॅचेसना बॅनर निघाले, प्रकरण संसदेत गेलं, कोर्टाची भाषा सुरू झाली आणि एप्रिल संपायच्या आत मर्जर गुंडाळले, वर रक्कम वाढून ८ कोटी ७० लाख झाली. म्हणजे बघा, मर्जरशिवाय पैसे मिळणारच नाहीत असं जे सांगत होते त्यांना मर्जर न करता जास्तच मिळाले. याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

बरं, पुढे काय झालं? तीन वर्षांनी, १९९८ ला, सुपर लीगमध्ये चढण्यासाठीची फायनल कोणामध्ये झाली तर वेकफील्ड आणि फेदरस्टन. वेकफील्डने २४-२२ ने मारली. कॅल्डर झालं असतं तर ही मॅच कोण कोणाशी खेळणार होतं? कॅसलफर्ड २०१७ ला लीगच्या टेबलवर पहिलं आलं. यातलं कोणीही 'सक्षम नसलेला क्लब' या रकान्यात बसत नाही, आणि १९९५ ला तिघांनाही त्याच रकान्यात टाकलं होतं.

आता आमच्या हलचं सांगतो, इथे मी जरा लांबण लावणार आहे, माफ करा. शहराच्या मधून हल नदी जाते. पश्चिमेला हल एफसी, काळा-पांढरा, हेसल रोडच्या मच्छीमारांचा क्लब. पूर्वेला हल केआर, लाल-पांढरा, गोदीवाल्यांचा. १९८० ला चॅलेंज कपची फायनल या दोघांत झाली, वेम्बलीवर, पंच्याण्णव हजार माणूस, आणि शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कोणीतरी बोर्ड लावला होता की शेवटी निघेल त्याने दिवे बंद करा. केआरने १०-५ ने जिंकली आणि त्यावरून लोक अजून भांडतात. आमच्या वॉर्डात नवीन माणूस जॉइन झाला की नावानंतरचा पहिला प्रश्न, कुठल्या बाजूचा? मी सांगितलं भारतातून आलोय, तर म्हणे ते ठीक आहे, पण नदीच्या कुठल्या बाजूला घर घेतलंस. घर घेतलं होतं पूर्वेला, विषय तिथेच संपला, मला विचारायचीही गरज कोणाला वाटली नाही.

१९९५ मध्ये केआर खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलेलं होतं. आकडे घेऊन बसलेल्या कुठल्याही सल्लागाराने सांगितलं असतं की एका मध्यम शहरात दोन क्लब परवडत नाहीत, एक बंद करा. नाही केलं. पुढे हल एफसीने २०१६ ला पहिल्यांदाच वेम्बलीवर कप जिंकला, २०१७ ला परत जिंकला, आणि २०१६ लाच केआर सुपर लीगमधून खाली गेलं. त्या वर्षी पूर्वेकडच्या लोकांनी जे टोमणे ऐकले ते ऐकून दुसरा कोणी असता तर शहर सोडून गेला असता. कोणी गेलं नाही, सीझन तिकिटं काढून परत उभे राहिले. आणि २०२५! जूनमध्ये वेम्बलीवर वॉरिंग्टनविरुद्ध पिछाडीवर असताना अगदी शेवटच्या मिनिटांत टॉम डेव्हिसचा ट्राय, वर मायकी लुईसची किक, ८-६, चाळीस वर्षांनी पहिली मोठी ट्रॉफी. मग लीग लीडर्स शील्ड, म्हणजे टेबलवर पहिलं येण्याची ट्रॉफी. मग ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला ग्रँड फायनल २४-६, समोर कोण होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही मॅडम. एका वर्षात तिन्ही. 'हंबरसाइड' नावाच्या टीमने हे जिंकलं असतं तर निम्म्या शहराने टीव्ही बंद केला असता आणि उरलेल्या निम्म्याने लावलाच नसता.

मर्जर होऊन काय होतं याचा अनुभव इथे आहे की. शेफील्ड ईगल्सने १९९८ च्या चॅलेंज कप फायनलला विगनला १७-८ ने हरवलं, या खेळातला सगळ्यात मोठा धक्का मानतात तो. पुढच्या वर्षाच्या शेवटी पैसे संपले म्हणून त्यांना हडर्सफील्डमध्ये मिसळलं. हडर्सफील्ड-शेफील्ड जायंट्स असं रेल्वे स्टेशनसारखं नाव, एक सीझन, टेबलच्या तळाला, मग शेफील्ड नावातून गळालं. शेफील्डचे फॅन तिकडे गेले नाहीत, त्यांनी खालच्या लीगमध्ये आपला क्लब नव्याने सुरू केला. त्याच सुमारास गेट्सहेडचा क्लब हल एफसीमध्ये मिसळला. गेट्सहेड पहिल्याच सीझनला सहावे आले होते! खेळाडू हलला आले, नाव हलचं राहिलं, गेट्सहेडच्या हाती काय लागलं ते शोधत बसा. आमच्या शहराला त्यात फायदा झाला हे मी लपवत नाही, पण त्याला मर्जर म्हणू नका.

ऑस्ट्रेलियातली उदाहरणं देऊन लोक म्हणतात की तिथे जमलं. थोडं जमलं, खरंय. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज मिळून झालेल्या वेस्ट्स टायगर्सने २००५ ला ट्रॉफी जिंकली, सेंट जॉर्ज इलावाराने २०१० ला. पण मॅनली आणि नॉर्थ सिडनी एकत्र करून जे नॉर्दर्न ईगल्स केलं ते तीन सीझनमध्ये मोडलं, त्यात मॅनली वाचलं आणि नॉर्थ सिडनीचा पहिल्या दर्जाचा क्लब गेला तो गेलाच. आता २०२७ पासून 'बेअर्स' हे त्यांचं नाव पर्थमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला, परत येतंय, कारण पंचवीसेक वर्षांनंतरही त्या नावाला गिऱ्हाईक आहे हे शेवटी कळलं. आणि साउथ सिडनी? त्यांना लीगबाहेर काढलं, लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, २००२ ला परत आले आणि २०१४ ला चॅम्पियन झाले.

मॅडम, मला कळतं की पैसा नाहीये. सॅलफर्डचे २०२५ मध्ये काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलं, पहिल्याच मॅचला पोरं उतरवून ८२-० ने हरले. आता आयएमजी या स्पोर्ट्स मार्केटिंग कंपनीचं ग्रेडिंग आलंय, सुपर लीगमध्ये कोण खेळणार हे मुख्यतः मार्कांवर ठरतं आणि मार्कांत प्रेक्षक, पैसा, स्टेडियम सगळं धरतात, म्हणजे लहान गावावर परत तोच दबाव, फक्त या वेळी एक्सेल शीटमधून. माझी भीती एवढीच आहे की पुढचं मर्जर जाहीर होणारच नाही, ते 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप' म्हणून येईल आणि कळेल तेव्हा शर्ट छापून झालेले असतील.

आणि धंद्याचंच बोलायचं तर धंद्याचंच बोलू. या खेळात गुड फ्रायडेला स्टेडियम भरतं ते कशाने? हल विरुद्ध हल, विगन विरुद्ध सेंट हेलन्स. शेजाऱ्याशी असलेलं वैर हेच या लोकांकडचं विकण्यासारखं भांडवल आहे आणि मर्जरवाले नेमकं तेच मोडीत काढून पैसे वाचवायला निघतात. मर्जर केलं की दोन क्लबचे फॅन बेरजेने एकत्र येतात हे गृहीतच चुकीचं आहे. शेफील्डवाल्यांना विचारा.

मी नवीन रेग्युलेटर मागत नाहीये, या खेळाला तो खर्च परवडणार नाही हे मलाही समजतं. पण २०२० मध्ये कोविडच्या वेळी सरकारने रग्बी लीगला १ कोटी ६० लाख पौंडांचं कर्ज दिलं होतं. सरकारी पैसा जातो तिथे सरकारी अटही जाऊ शकते. अट एकच ठेवा, की क्लबचं नाव, रंग, ग्राउंड यात बदल किंवा दुसऱ्या क्लबात विलीनीकरण करायचं असेल तर सीझन तिकीटवाल्यांचं मतदान घ्यायचं, दोन्ही क्लबचं वेगवेगळं, आणि दोन्हीकडे बहुमत हवं. लोकांनीच हो म्हटलं तर खुशाल करा, मी तोंड उघडणार नाही. फुटबॉलला जे दिलंत त्याहून हे कमीच आहे.

२०२० मध्ये विगन अॅथलेटिक बुडायला आला तेव्हा फॅन्सनी खिशातून पैसे काढले आणि तुम्ही खासदार म्हणून त्यांच्या बाजूने उभ्या राहिलात. त्यामुळे क्लब म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावतोय असं नाही. तेव्हा तुम्ही खासदार होता, आता खातं तुमच्याकडे आहे.

या पत्राची प्रत हल, वेकफील्ड आणि कॅसलफर्डच्या खासदारांना पण पाठवतोय. मतदानाच्या अटीवर तुमच्या खात्याचं म्हणणं हो की नाही, तेवढं लेखी कळवा. 'आम्ही खेळाच्या स्वायत्ततेचा आदर करतो' हे उत्तर नको, ते फुटबॉलवाल्यांना दिलं नव्हतंत.

आपला,
पूर्व हलमधला एक मराठी रहिवासी