टिलर न विकणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बचत गटाच्या अवजार बँकेत आम्ही टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणणारं यंत्र, भाड्याने मागायला आलो होतो. भाड्याच्या पावतीवर जे कुठेच लिहिलेलं नव्हतं ते तुम्ही फुकट देऊन टाकलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर परसबागेसाठी यंत्र घ्यायला निघालेल्या कुणाच्या हाती पडलं तर आणखी बरं.

आमची जागा तुम्हाला माहीत आहे. वाईजवळ, घरामागे ५ गुंठे, कृष्णाकाठची काळी माती. ओली असली की चप्पल ओढून घेते, वाळली की कुदळ उडते. पुढे विकत घ्यायचा म्हणून मुलाने ९ एचपीचा डिझेल टिलर मनात धरला होता. मला हवा होता तण काढायचा सगळ्यात हलका नि स्वस्त टू-स्ट्रोक वीडर. तुम्ही दोघांचंही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "मागे जायला वाट किती रुंद आहे?" त्यावर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. घराची भिंत आणि कुंपण यांच्यात जेमतेम ३ फूट. तिथून आत नेणं एक आणि आत गेल्यावर वाफ्याच्या टोकाला वळवणं दुसरं, दोन्हीला जागा लागते, हे तुम्ही अंगणात यंत्र फिरवून दाखवलंत.

दुसरा प्रश्न होता, चालवणार कोण? मुलगा पुण्याला, सुट्टीला येणार, एरवी मीच. "मग काकू, इंजिन चालू करायची दोरी तुम्ही ओढा." डिझेलची दोरी माझ्याच्याने ओढेना, पेट्रोलची फोर-स्ट्रोक ओढली गेली. निम्मा निर्णय तिथेच झाला. एचपीवर वाद घालणाऱ्या घराघरांत आधी ही दोरी फिरवावी.

टू-स्ट्रोक वीडर तुम्ही नाकारला नाहीत, फक्त आमच्या मातीत चालवायला दिलात. भुसभुशीत वाफ्यात तो झकास चालला. वाळलेल्या जागी मात्र नाचायला लागला, पाती जमिनीत शिरेनात आणि हातांना झिणझिण्या. वजन कमी असलं की यंत्र खोल जात नाही, उड्या मारतं. जाहिरातीतल्या व्हिडिओत जमीन नेहमी आधीच नांगरलेली असते, हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

पाती पुढे की मागे, हे तर आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढच्या पात्यांच्या यंत्राला पातीच ओढतात. मागची लोखंडी खुंटी दाबली की ते थबकून खोल खणतं, नाही दाबली तर माणसाला घेऊन पळतं. मागच्या पात्यांच्या यंत्रात, म्हणजे मागच्या रोटरीत, चाकं ओढतात आणि पाती फक्त खणतात. कडक रानात ते सरळ आणि स्थिर चालतं, पण जड असतं, वळायला जागा मागतं. तुमचा तोडगा असा: उन्हाळ्यात मागच्या रानाकडून कुंपण उघडून एकदा बँकेची मागची रोटरी भाड्याने घाला, जमीन मोकळी होऊ द्या, घरात ठेवा ते ७ एचपीचं, पुढच्या पात्यांचं पेट्रोल यंत्र. बाहेरची पाती काढली की ते दोन ओळींच्या मधेही जातं. अवजार बँकेने आपलंच गिऱ्हाईक अर्धं घालवायचं, हे मला अजून नवल वाटतं.

इंग्रजी 'एल'सारखी वाकलेली पाती बघून मुलाने नंतर शोधून काढलं. ऑस्ट्रेलियातल्या गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी मशागत करून पाहिली. माती बाजूला फेकली जात होती; पाती अशी वाकवल्यावर ते थांबलं. पेटंट १९२० चं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हरळीच्या बाबतीत. आमच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात हरळी आणि लव्हाळा दोन्ही माजलेत, आणि टिलर हवा होता तो खरं तर त्यांच्यासाठीच. तुम्ही म्हणालात, तिथे अजिबात घालू नका. हरळीच्या मुळीचे तुकडे झाले की पेरापेराला नवा कोंब फुटतो, लव्हाळ्याच्या गाठी बागभर पसरतात. तो कोपरा आम्ही वैशाखात कुदळीने खणला, काश्या, म्हणजे हरळीच्या मुळ्या, वेचून उन्हात टाकल्या. कंबर दुखली, पण बाकीची बाग वाचली.

वाफशाचं, म्हणजे मातीत मशागतीपुरतीच ओल असण्याचं, तुम्ही सांगायची गरज नव्हती, शेतकऱ्याच्या घरातलीच आहे मी. तरी सांगितलंत ते बरं केलंत, कारण यंत्र हाताशी असलं की दम निघत नाही. मूठभर माती दाबायची, गोळा टाकायचा, फुटला तर यंत्र काढायचं. चिकटून राहिला तर ठेवून द्यायचं, नाहीतर वाळल्यावर विटांएवढी ढेकळं. दर वेळी एकाच खोलीवर पाळी घातली तर खाली कडक थर बसतो, हे मात्र मला नवीन होतं. आंब्याच्या खोडाजवळ आता खुरपंच.

बाकीचं पटकन लिहिते. नवं यंत्र बहुधा तेलाशिवाय येतं, त्यामुळे इंजिनात आणि गिअरबॉक्सात तेल पाहिल्याशिवाय दोरी ओढली नाही. काम नसताना टाकी रिकामी ठेवते; पेट्रोलातलं इथेनॉल ओल धरतं. पदर खोचून, पायात बूट. पात्यांत गवत गुंडाळलं की आधी इंजिन बंद, मग प्लगची टोपी काढायची, मगच हात. पाठीशी भिंत असताना रिव्हर्स नाही. अनुदानाचं विचारलं तर तुम्ही हसलात: ते सातबाऱ्यावरच्या शेतीला, गावठाणातल्या परसाला नाही.

प्लग, पाती आणि दोरी तालुक्यात कुठल्या दुकानात मिळतात हे यंत्र घ्यायच्या आधी विचारून या, म्हणालात. विचारलं, आणि मिळत नव्हतं ते मॉडेल सोडून दिलं. पहिल्या कामानंतर पात्यांच्या बोल्टांना पुन्हा पाना लावायला सांगितलं होतंत. लावला, दोन बोल्ट सैल निघाले.

तुमची,
वाईची परसबागवाली काकू