मुक्ता, आधी खोली बदल

पुणे, १७ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या लंडनच्या घरमालकाविरुद्धच्या अर्जाचं बोलणं अर्धवट तुटलं, म्हणून लिहिते आहे. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. दाजींच्या ओळखीतलं घर, त्यामुळे त्यांना अवघड वाटतंय. त्यांचं मी बघते.

तू पाठवलेलं सगळं चष्मा लावून सावकाश वाचलं. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात बाथरूम-स्वयंपाकघर वाटून राहत असतील, तर मालकाकडे कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, परवाना हवा. तुम्ही सहाजणी, आणि न्यूहॅम कौन्सिलच्या यादीत त्या घराची नोंदच नाही. अशा मालकाकडून भरलेलं भाडं ट्रिब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायमंडळाकडे, परत मागता येतं, २०१६ च्या कायद्याने. हे तुझं तू शोधलंस, बाकीच्या मुलींनाही समजावलंस. मी लगेच खालच्या काकूंना सांगून आले.

पण मालकांकडे तुझ्या खोलीची दुसरी किल्ली आहे ना?

कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढणं तिथे १९७७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तू सांगशील. मान्य. पण रात्री अकराला येऊन कुलूप बदललेलं दिसलं, तर त्या थंडीत तू जाशील कुठे?

नारायण पेठेतल्या वाड्यात मालकांनी नानांकडून भाडं घेणंच बंद केलं होतं. भाडं थकलं म्हणून दावा लावता यावा, यासाठी. नाना दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, ती 'घेण्यास नकार' असा शेरा लागून परत यायची, आणि आजी तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. कोर्टात त्या कागदांनीच घर वाचवलं. पण निकाल लागेपर्यंत मालकांनी आमचा नळ बंद ठेवला. मी आठवीत होते, शाळेआधी समोरच्या वाड्यातून कळशा आणायचे. जिन्यात मालक दिसले की आजी पदर सावरून भिंतीला चिकटून उभी राहायची. ती तशी उभी राहिलेली मला अजून दिसते. नाना जिंकले याचा मला अभिमान आहे, पण तू तशी उभी राहायला नकोस.

म्हणून म्हणते, आधी खोली बदल, मग अर्ज कर. घर सोडलं तरी हक्क जात नाही, विनापरवाना घर चालवण्याच्या गुन्ह्यापासून ठरलेल्या मुदतीत अर्ज गेला पाहिजे, एवढंच. बँकेतून गेलेल्या भाड्याच्या नोंदी, करार, बुरशीचे फोटो, मालकांचे मेसेज, कोण कधीपासून राहतंय त्याची यादी, सगळं एकत्र ठेव. गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, आणि पूर्ण भाडं मिळेलच असं नाही. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायला हवं होतं, तेही तपास. यापुढे रोख देऊ नकोस, आणि एकटी असताना त्यांच्याशी

बघ, पुन्हा शिकवायला लागले. हे सगळं मी तुझ्याच कागदांतून वाचलंय. राग मानू नकोस.

नव्या जागेच्या डिपॉझिटला पैसे कमी पडले तर माझी एफडी आहे, ती मोडते. तोवर मैत्रिणीकडे झोपायला जाता येईल का? किल्लीचं काय ते आजच कळव.

तुझी
आई