चाचणीचा निकाल आईवडिलांनाही कळवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवजात बाळांवरच्या उपचारांच्या चाचण्यांमध्ये मी चौदा वर्षे संशोधक डॉक्टर म्हणून काम करते आहे. ‘बाळांवर प्रयोग करता?’ असे मला अनेकांनी विचारले आहे, आणि ते विचारलेच पाहिजे. हे पत्र मात्र दुसऱ्याच एका प्रश्नासाठी आहे. त्याचे उत्तर द्यायला मी उशीर केला.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे दूध रोज किती वाढवावे, याची चाचणी चालू होती. भराभर वाढवले तर आतड्यांना सूज येण्याची भीती, हळूहळू वाढवले तर शिरेतली नळी जास्त दिवस ठेवावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती. दोन्ही बाजूंचे अनुभवी डॉक्टर आपापल्या मतावर ठाम होते, पुरावा कोणाकडेच नव्हता. म्हणून कोणते बाळ कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरांनी न ठरवता संगणकावर सोडलेले होते.

संमतीसाठी मी त्या आईसमोर बसले तेव्हा तिचा मुलगा वीस तासांचा होता, वजन 940 ग्रॅम. एवढ्याशा बाळाच्या अंगात सगळे मिळून 85 मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. तपासणीला अर्धा मिलिलिटर घेतले तरी आम्ही त्याची नोंद ठेवतो. तिच्या हाताला अजून सलाइन होते. दुसऱ्या हाताचे बोट ओळीखाली फिरवत तिने संमतिपत्र वाचले आणि मध्येच विचारले, “म्हणजे चिठ्ठी टाकणार का?” मी म्हटले, तसेच समजा. तिने सही केली. हळू दूध वाढवण्याचा गट निघाला. अकराव्या दिवशी बाळाला जंतुसंसर्ग झाला, तेराव्या दिवशी ते गेले.

दोन वर्षांनी धाकट्या मुलीला लसीसाठी घेऊन ती आली होती. माझी ओपीडी संपेपर्यंत बाहेर थांबली. “मॅडम, तेव्हा चिठ्ठी दुसरी निघाली असती तर तो राहिला असता का?”

एकेका बाळाबद्दल छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. पण दोन्ही गटांतल्या बाळांमध्ये फरक आढळला नाही, हा आमचा निष्कर्ष आठ महिन्यांपूर्वीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. एका परिषदेत मी स्वतः तो मांडला होता. ती मात्र दोन वर्षे आपल्या सहीलाच दोष देत होती. तिला कोणी का कळवले नाही? कारण आमच्याकडे यादी असते ती घरी गेलेल्या बाळांची, पुढच्या तपासणीला बोलवायच्या बाळांची. गेलेल्या बाळाच्या नावावर रेघ मारली की त्या घरी आमचा फोन जात नाही. असा काही नियम नाही. कोणाला सुचलेच नाही, मलाही नाही.

चाचण्या बंद करा, असे मी म्हणत नाही. 1940च्या दशकात काचपेटीतल्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई. तो ‘उपचार’ होता, त्यामुळे त्यासाठी संमतीचा प्रश्नच कोणी काढला नाही. जगभरात सुमारे 10,000 बाळांची दृष्टी गेली. 1951मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवले, आणि अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने 1956मध्ये ते पक्के केले. अगदी अलीकडचे सांगायचे तर, जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे अंग 72 तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला होता. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांमध्ये तपासला गेला. 2021मध्ये निकाल आला: थंड ठेवलेल्यांपैकी 42 टक्के बाळे दगावली, इतरांपैकी 31 टक्के. ही मोजणी झालीच नसती, तर तो उपचार चांगल्या हेतूने तसाच पसरत राहिला असता.

या मोजणीतला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी सहीने मिळालेला आहे. सहभागी व्यक्तींना निकाल जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे. सहकारी म्हणतात, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची? मला ते पटत नाही. त्या आईची जखम भरलेलीच नव्हती. संमती घेतानाच विचारावे, निकाल कळवू का, आणि कसा कळवू. ज्यांना नको असेल ते नाही म्हणतील. साध्या मराठीतले एक पानभर पत्र घरोघर गेल्याशिवाय, चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांनी चाचणीची फाइल बंद करू नये, आणि आरोग्याच्या बातम्या देणाऱ्या आपल्या वार्ताहरांनीही प्रत्येक नव्या निष्कर्षाबरोबर हा प्रश्न विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवसानंतर मी जुनी नोंदवही काढली. आमच्या चाचणीत गेलेली बाळे एकोणीस होती. बारा घरी फोन लागला. एकाही घरी कोणी रागावले नाही. एक वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पत्र पाठवा, पण त्यात त्याचं नाव लिहा. तुमच्या सगळ्या कागदांवर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे हिचं नाव आहे. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं.” त्यांनी ते मला अक्षर-अक्षर करून सांगितले, आणि मी लिहून घेतले.

आपली,
एक संशोधक डॉक्टर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)