माझी मान मला परत देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

प्रिय मॅडम,

पहिल्या दिवशी जवळजवळ अर्धा तास तुम्ही माझ्या मानेला हातच लावला नाहीत, आणि मला तुमचा राग आला होता. तीन महिने मान उजवीकडे वळत नव्हती. मागून कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवून बघावं लागे. आणि तुम्ही विचारत होतात, चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ जड होते का, गिळायला त्रास होतो का, चालताना तोल जातो का, बटणं लावताना बोटं चुकतात का. मग संधिवात आहे का, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. त्यानंतर छोट्या हातोडीने कोपरं आणि गुडघे तपासलेत, हातांची ताकद पाहिलीत. मला सगळ्यात आधी त्या अर्ध्या तासाचे आभार मानायचे आहेत.

कारण त्याआधी एकाने काहीही न विचारता माझं डोकं दोन्ही हातांत धरून झटका दिला होता. कटकन आवाज झाला, एक दिवस हलकं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मान जास्तच धरली. तरीही तुमच्याकडे मी तोच झटका मागायला आले होते. 'सरकलेला मणका बसवून द्या' असं म्हणाले होते मी. मणका सरकलेलाच नाही, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांधा ताणला गेला की त्याच्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ साली बोटाचा सांधा ओढताना ती पोकळी तयार होताना एमआरआयवर पाहिलीही गेली आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. मग मणक्यांचा नमुना हातात देऊन त्यातली भोकं दाखवलीत. मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर पहिल्यापर्यंत त्या भोकांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चढते. झटक्याने तिला इजा होणं फार विरळ, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. "झटका मला देता येतो, पण तुमच्या मानेला त्याची गरज नाही," एवढंच म्हणून तुम्ही विषय संपवलात.

माझ्या पिशवीत एक्स-रेचं पाकीट होतं. त्यातल्या अहवालातल्या 'झीज' या शब्दाने माझी झोप उडाली होती, मान हलवली तर आणखी झिजेल या भीतीने मी ती हलवायचीच बंद केली होती. तुम्ही अहवाल नीट वाचलात आणि सांगितलंत की असे बदल वयाबरोबर ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या मानेतही दिसतात. हलवल्याने झिजत नाही, न हलवल्याने आखडते. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी कुशीवर झोपले.

आणि मग तुमचे हात. मालिश म्हणजे रगडणं, जितकं दुखेल तितकं चांगलं, असा माझा समज होता. तुम्ही मला पालथं झोपवून दोन्ही अंगठे मणक्यांवर ठेवलेत आणि इतकं हलकं दाबायला लागलात की काही चाललंय की नाही असं वाटावं. नंतर मी विचारलं तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीतल्या पायऱ्या समजावून दिल्यात. पहिल्या दोन पायऱ्या दुखणं शमवण्यासाठी, सांधा अडतो तिथपर्यंत जायचंच नाही. तिसरी-चौथी ताठरपणासाठी, अडथळ्यापर्यंत जाऊन तिथेच हळूहळू हेलकावे द्यायचे. पहिल्या भेटीत माझं दुखणं मोठं होतं म्हणून तुम्ही दुसरीच्या पुढे गेला नाहीत. तिसऱ्या भेटीपर्यंत अंगठे खोल जायला लागले होते, पण प्रत्येक वेळी आधी "जाऊ का?" असं विचारून.

एकदा तुम्ही माझी हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून तशीच मान वळवलीत. डावीकडे ती साधारण ४५ अंश गेली, उजवीकडे त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मान वळवण्यातला जवळजवळ अर्धा वाटा सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्याचा असतो आणि माझा तोच सांधा आखडला होता. उजव्या डोळ्यामागची डोकेदुखीही तिथूनच येत होती. मी चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला होता! मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या खालच्या टोकाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मानेतलं दुखणं डोळ्यामागे जाणवतं, हे ऐकलं तेव्हा वर्षभराचं कोडं सुटलं. त्या दिवशी तुम्ही कवटीच्या कडेखाली नुसती बोटांची टोकं उभी धरलीत आणि डोक्याचा सगळा भार त्यांवर सोडायला सांगितलंत. डोकं चार-पाच किलोंचं असतं. ते दुसऱ्याच्या हातात खरोखर सोडून द्यायला मला चांगली पाच मिनिटं लागली. तुम्ही घाई केली नाहीत.

खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागायची. ती मी रोज दाबायचे. तुम्ही तिथे नुसतं दाबण्याऐवजी मला टेबलाशी बसवलंत आणि विचारलंत, "काम कसं करता ते करून दाखवा." मी मुद्रितशोधन करते. हस्तलिखित नेहमी डावीकडे, प्रूफ समोर. दिवसातून हजारदा डावीकडे मान. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या त्याच कोपऱ्यापर्यंत एक स्नायू येतो, त्याला सैल व्हायला वेळच मिळत नव्हता. "ताठ बसा" असं तुम्ही म्हणाला नाहीत. कुठल्याही एका स्थितीत फार वेळ राहू नका, असं म्हणालात. मग त्या स्नायूसाठी दिलेली युक्ती मी आजही करते. बोटाला अगदी हलका विरोध करायचा, आठ-दहा सेकंद, श्वास आत, मग सोडून द्यायचं आणि सैल झालेला तेवढाच पल्ला घ्यायचा.

टॉवेलची युक्तीही तुमचीच. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतली. टॉवेलची कड मणक्याला अडकवून हलका ताण ठेवायचा आणि तो ठेवतच मान वळवायची. दुखता कामा नये हा नियम. दुखलं तर जागा किंवा दिशा चुकली, आणि ती सुधारूनही दुखलं तर थांबायचं.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नसतीत तर माझ्या लक्षात आली नसती. हाताने आलेला मोकळेपणा काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा, हे तुम्ही दुसऱ्याच भेटीत कबूल केलंत. "मी दार उघडून देते, आत तुम्ही जायचं." म्हणून प्रत्येक भेटीनंतर लगेच व्यायाम. मानेखाली दाब मोजणारी हवेची पिशवी ठेवून तिचा काटा २० वर आणायचा आणि जणू 'हो' म्हणते आहे अशी हनुवटी किंचित झुकवून तो दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा. मला पहिल्यांदा २२ च्या पुढे काटा स्थिर धरता येईना, गळ्याचे वरवरचे स्नायू थरथरायचे. आतले स्नायू काम विसरले होते. सात आठवड्यांनी २८ वर दहा सेकंद धरलं तेव्हा तुम्ही माझ्याइतक्याच खूश झालात, हे मी विसरणार नाही.

आणि सहाव्या भेटीत तुम्ही मला यापुढे येऊ नका म्हणालात. मी आणखी सहा भेटी मागत होते, पैसे द्यायला तयार होते. "आता माझ्या हातांची गरज नाही, गरज पडली तर फोन करा." गरज लागली तेव्हा मी फोन केला. डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तुम्ही व्यायाम न सांगता आधी डॉक्टरांना दाखवायला लावलंत. ते किरकोळ निघालं, पण हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर आधी तपासणी, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने तुमच्याकडून घ्यावं म्हणून इथे लिहिते आहे.

टॉवेल अजून खुर्चीच्या पाठीवर असतो, महिन्यातून एखाद्या वेळेला लागतो. काल एका जाड पुस्तकाची शेवटची प्रुफं संपवली. हस्तलिखित उजवीकडे ठेवलं होतं.

तुमची कृतज्ञ,
मुद्रितशोधनवाली पेशंट