बर्फातल्या रात्रीचे गाणे

महोदय,

हाँगकाँगच्या 'बियाँड' बँडचे 'होइ फुट तिन हुंग', म्हणजे 'अथांग समुद्र, मोकळे आकाश', हे कँटोनीज गाणे १९९३ सालचे. शब्द आणि चाल गायक वोंग का-कुईची. सुरुवातीला नुसता पियानो आणि शेजारी बसून बोलावे तसा थकलेला आवाज: थंडीच्या रात्री तो उडणारा बर्फ पाहतो आहे. हाँगकाँगात बर्फ कुठला! बँड तेव्हा जपानमध्ये नशीब आजमावत होता. मग गिटार, ड्रम चढत जातात आणि गाण्याला उधाण येते. त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात मंचावरून पडून वोंग गेला. वय अवघे ३१.

हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी झालेल्या २०१४ च्या छत्री आंदोलनात रस्त्यावर बसलेली मुले हेच गाणे गात होती. त्यातली कित्येक तर तो गेल्यानंतर जन्मलेली. मला कँटोनीजचा एक शब्दही कळत नाही, तरी ऐकताना दर वेळी गळा दाटून येतो. पाश्चात्त्य रॉकवर आपल्याकडे भरभरून लिहिले जाते. रविवार पुरवणीत आशियातल्या अशा गाण्यांनाही जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे